अल्पाइन स्कीइंगनंतर टेलिमार्क: मागचा पाय कामाला कसा लावायचा?

उतारवेडी

नमस्कार मंडळी. अल्पाइन स्कीइंग बरीच वर्षं करते आहे. तीव्र उतार, मोगल्स (उतारावरचे बर्फाचे उंचवटे), सकाळचा टणक बर्फ, यातलं काही आता नवं राहिलेलं नाही. या मोसमात टेलिमार्क शिकायला घेतलं आणि त्यात इतकी गुंतले आहे की डोक्यात दुसरं काही येत नाही.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अल्पाइनमध्ये बूट पुढून आणि मागून बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, जखडलेला असतो. टेलिमार्कमध्ये तो फक्त पुढच्या बाजूने धरलेला असतो, टाच मोकळी. वळताना बाहेरचा पाय पुढे सरकतो, आतला मागे जातो, त्याची टाच उचलली जाते आणि दोन्ही गुडघे वाकवून आपण त्या वळणात बसतो. पुढच्या वळणाला पायांची अदलाबदल.

माझी अडचण अशी आहे. हलक्या उतारावर वळणं होतात, बघणाऱ्याला ती टेलिमार्कची वाटतातही. उतार जरा वाढला, वेग आला, की मी सगळी पुढच्या पायावर जाते. मागची स्की नुसती फरफटत येते. तिच्यावर भारच नसल्यामुळे तिचं टोक वाटेल तिकडे पळतं. उजवीकडची वळणं डावीकडच्यांपेक्षा जास्त खराब होतात. आणि अल्पाइनमध्ये दिवसभरात दमत नाहीत इतक्या मांड्या इथे दोन-तीन उतरणींतच भरून येतात.

"मागच्या पायावर भार द्या" असं प्रशिक्षकांनी सांगितलं. ते समजतं, पण पायाला ते अजून कळलेलं नाही. माझ्यासारखे अल्पाइनकडून आलेले कोणी आहेत का इथे? नेमकं काय केल्यावर मागचा पाय कामाला लागला?


मोकळीटाच

धागा काढलात हे फार बरं झालं. मीही अल्पाइनमधूनच आलो आणि आता मोसमातले बहुतेक दिवस मोकळ्या टाचेनेच उतरतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा पाय वर्षानुवर्षं जे शिकला तेच करतो आहे. वळताना बाहेरच्या स्कीवर उभं राहा, हा अल्पाइनचा पहिला धडा. तो इतका मुरलेला असतो की वेग वाढला किंवा उतार बघून पोटात गोळा आला की शरीर आपसूक बाहेरच्या स्कीचा आधार शोधतं. टेलिमार्कमध्ये बाहेरची स्की म्हणजे पुढची स्की. त्यामुळे सोप्या उतारावर जमलेलं अवघड उतारावर हातचं जातं. तुम्ही जितक्या चांगल्या अल्पाइन स्कीअर, तितकी ही सवय घट्ट. नवशिक्याला हा त्रास उलट कमी होतो.

दुसरी सवय नडगीची. अल्पाइन बुटाच्या जिभेवर नडगी दाबली की स्कीचं पुढचं टोक बर्फात धरतं, कारण टाच खाली जखडलेली असते. इथे नडगी दाबाल तर टाच उचलली जाईल आणि तुम्ही पुढे झुकत राहाल, थांबवणारं काही नाही. टेलिमार्कमध्ये पुढे-मागे तोल राहतो तो दोन पायांतल्या अंतरामुळे, आणि ते अंतर उपयोगी पडण्यासाठी दोन्ही टोकांना भार लागतो. मागच्या पायावर भार नसेल तर तुम्ही एका मोकळ्या टाचेच्या पायावर उभ्या आहात. मग मांड्या भरून येणारच, कारण सगळं वजन एकटी पुढची मांडी वाकलेल्या अवस्थेत पेलते आहे.

आता करायचं काय? मागचा पाय कुठे आहे ते आधी बघा. अल्पाइनकडून आलेले बहुतेक जण पाय बदलताना नवा बाहेरचा पाय पुढे ढकलतात. अंग त्या पायाबरोबर पुढे जातं आणि मागचा पाय लांब मागेच राहतो. तिथून त्याच्यावर वजन देणं अशक्य आहे. उलट विचार करून बघा: पुढचा पाय ढकलायचा नाही, जो आतला होणार आहे तो पाय मागे ओढून खुब्याखाली आणायचा आणि त्याच्या चवड्यावर बसायचं. चवड्यावर, बोटांच्या टोकावर नाही. मागच्या बुटाच्या तळव्याचा पुढचा भाग स्कीवर सपाट टेकलेला जाणवला पाहिजे.

आणि भार येतो तो करंगळीच्या बाजूला. मागची स्की ही वळणातली आतली स्की, म्हणजे तिची करंगळीकडची कड बर्फ कापते. अल्पाइनमध्ये या कडेकडे आपण फारसं लक्ष देत नाही. "करंगळीने बर्फ दाबायचा" एवढं एकच वाक्य मनात ठेवून हलक्या उतारावर उतरा, फरक लगेच कळेल.

सरावासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एकच पाय कायम पुढे ठेवून सगळी वळणं घेणं. समजा डावा पुढे ठेवलात. उजवीकडच्या वळणात तो बाहेरचा, म्हणजे नेहमीचं टेलिमार्क. डावीकडच्या वळणात मात्र तोच पाय आतला असून पुढे, उजवा बाहेरचा असून मागे. ते वळण पूर्ण करायचं तर मागच्या पायावर उभं राहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि गंमत म्हणजे तिथे बाहेरच्या स्कीवर उभं राहायची तुमची जुनी सवयच मदतीला येते, कारण बाहेरची स्की आता मागे आहे. टाच उचललेल्या पायाला वजन घ्यायची ओळख होते. मग पाय बदलून तेच. जी बाजू कच्ची आहे ती यात उघडी पडते.

हे आधी एकदम हलक्या, मशिन फिरवून सपाट केलेल्या उतारावर करा. अवघड उतारावर करून बघण्यात काही अर्थ नाही, तिथे शरीर नवं काही ऐकत नाही.


पाऊलखूण

वाचनखूण साठवली आहे. करंगळीच्या कडेचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं.


तिरपीकड

थोडा वेगळा सूर लावतो. अनुभवी स्कीअरला नवीन काही करायचंच असेल तर स्नोबोर्ड का नाही? टेलिमार्कमध्ये शेवटी त्याच उतारावर तेच दोन स्की घेऊन उतरायचं, फक्त अवघड करून. स्नोबोर्डमध्ये खरोखर नव्याने सुरुवात होते: उभं राहणं आडवं, कडा दोनच, एक बोटांकडची, एक टाचेकडची. आणि दोन्ही एकत्र उत्तम करता येतात हे चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये दाखवलंच आहे. अल्पाइनच्या सुपर-जीमध्ये सुवर्ण आणि त्याच स्पर्धेत स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लालममध्येही सुवर्ण. २०२२ ला बीजिंगमध्ये स्नोबोर्डचं सुवर्ण पुन्हा तिचंच.


उतारवेडी

@तिरपीकड, स्नोबोर्डबद्दल आदरच आहे आणि लेडेत्स्काची ती सुपर-जीची शर्यत मी कितीदा तरी पाहिली आहे. पण मला नव्याने सुरुवात करायची ओढ नव्हती. मला जे येतं त्यातलं नेमकं काय मला खरंच येतं, ते बघायचं होतं. टेलिमार्कमध्ये टाच सोडली की बूट आणि बाइंडिंग इतकी वर्षं माझ्यासाठी काय काय करत होते ते कळतं. उतार तोच, बर्फ तोच, म्हणून फरक स्पष्ट दिसतो. हे मला स्नोबोर्डवर मिळालं नसतं.

@मोकळीटाच, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मी नवा पाय पुढे ढकलतेच आहे. शनिवारी उतारावर जाते आहे, एक पाय कायम पुढे ठेवून करून बघते.


जुनीवाट

धागा आवडला. मोकळीटाच यांनी नडगीबद्दल जे लिहिलंय त्याची मुळं इतिहासात आहेत, म्हणून थोडं त्याबद्दल.

नॉर्वेच्या टेलिमार्क भागात मोर्गेडाल नावाचं गाव आहे. सोंद्रे नॉरहेम तिथला, जन्म १८२५ चा. त्याच्या काळी स्कीला पाय अडकवायचा म्हणजे चवड्यावरून एक पट्टा, एवढंच. उतारावर वळताना किंवा उडी मारताना स्की निसटायची. नॉरहेमने झाडाची मुळं पिळून टाचेमागून जाणारा वेढा वापरला, त्यामुळे पाय स्कीवर टिकायला लागला आणि टाच तरीही वर-खाली मोकळी राहिली. मधे निमुळत्या होत जाणाऱ्या, सहज वळणाऱ्या स्कीही त्याच्याच नावाशी जोडलेल्या आहेत. १८६८ मध्ये ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये तो स्पर्धेत उतरला आणि जिंकला. पुढे १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला.

आता वळणाकडे बघा. मऊ चामड्याचा बूट, मोकळी टाच. अशा बुटात नडगी दाबून स्कीच्या टोकावर जोर देणं शक्यच नाही, बूट नुसता वाकतो. मग उंचसखल बर्फात तोंडावर पडायचं नसेल तर एकच मार्ग: एक पाय पुढे, एक मागे, पायाखालचा आधार लांब करायचा. टेलिमार्कचं वळण या गरजेतून आलेलं आहे. शोभेसाठी घेतलेली ती मुद्रा नाही. स्की जंपिंगमध्ये अजूनही उतरताना एक पाय पुढे घेतात, त्याला टेलिमार्कच म्हणतात, आणि तसं उतरलं नाही तर परीक्षक गुण कापतात.

टाच बांधली जाण्याची वाट आल्प्समधून गेली. ऑस्ट्रियात लिलिएनफेल्डला माथियास झ्डार्स्कीने आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी आखूड स्की आणि धातूचं, पाय बाजूला घसरू न देणारं बाइंडिंग तयार केलं. १९०५ मध्ये त्याने तिथल्या मुकेनकोगेल डोंगरावर फाटकांमधून, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या मधून, उतरायची शर्यत घेतली. पुढे टाचेमागून ताणलेली केबल आली, कडक बूट आले, शेवटी प्लास्टिकचा उंच बूट आला आणि पुढे-मागे तोल सांभाळायचं काम बुटाने उचललं. टेलिमार्क जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७० च्या दशकात कोलोराडोतल्या क्रेस्टेड बुटच्या काही स्कीअरांनी ते पुन्हा उतारावर आणलं, तेसुद्धा सपाटीवर चालायच्या अरुंद नॉर्डिक स्की आणि चामडी बूट घालून.

उतारवेडी, तुम्हाला जे कळतंय की बूट माझ्यासाठी काय करत होता, ते या सगळ्या प्रवासाचं उलटं टोक आहे.

अवांतर: १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत मोर्गेडालमध्ये नॉरहेमच्या घरातल्या चुलीपाशी पेटवली होती.


तीनखिळे

मोकळीटाच यांच्या तंत्राला अनुमोदन. पण सामानाबद्दल कोणीच विचारलं नाही आणि इथे अर्धा दोष सामानाचा असू शकतो. उतारवेडी, बूट भाड्याचे आहेत की स्वतःचे? जुनं ७५ मिलिमीटरचं बाइंडिंग आहे की एनटीएन?

इतरांसाठी: ७५ मिलिमीटर म्हणजे बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखा सपाट भाग असतो तो. ब्रोर विथ या नॉर्वेजियनाने १९२७ मध्ये रोटेफेला बाइंडिंग आणलं. त्यातले तीन खिळे बुटाच्या तळव्यातल्या तीन भोकांत बसायचे. माझं नाव तिथूनच घेतलंय. खिळे मागे पडले तरी चोच कितीतरी दशकं टिकली. २००७ मध्ये रोटेफेलानेच एनटीएन आणलं. त्यात चोच नाही, बूट पुढे पकडला जातो आणि चवड्याच्या मागे तळव्याखालीही. आडव्या दिशेने ते जास्त घट्ट वाटतं, आणि अल्पाइनकडून येणाऱ्याला कड धरण्याची जी सवय असते तिला ते लगेच मानवतं.

बुटाला चवड्यापाशी घड्या असतात, तिथे तो वाकतो. मागचा पाय चवड्यावर टेकायचा असेल तर बूट नेमका तिथेच वाकला पाहिजे. बूट फार कडक असेल, किंवा घडी तुमच्या बोटांच्या सांध्याशी जुळत नसेल, तर तो वाकण्याऐवजी बाइंडिंगपाशी अख्खाच उचलला जातो. मग तुम्ही चवड्यावर नाही, बोटांच्या टोकावर उभ्या. अशा बुटात मागच्या पायावर भार देणं तंत्र कितीही सुधारलं तरी होत नाही. घरी बूट घालून, बकल लावून, एक गुडघा जमिनीकडे न्या आणि बघा: तळव्याचा पुढचा भाग जमिनीवर सपाट राहतो का?

दुसरं, बाइंडिंगच्या स्प्रिंगा. फार सैल असतील तर टाच उचलल्यावर मागच्या स्कीच्या टोकाला काहीच दाब मिळत नाही, ती तुम्ही सांगता तशी भरकटते. बऱ्याच बाइंडिंगमध्ये स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो, काहींमध्ये केबलची जागाही बदलते. सुरुवातीला मध्यम ताण ठेवा. फार कडक केलंत तर टाच खाली ओढली जाते आणि मागचा पाय वाकायलाच तयार होत नाही.

गुडघ्याला पॅड बांधा. हे ऐच्छिक समजू नका. मागचा गुडघा बर्फाच्या जवळ येतो आणि बर्फाखाली दगड किंवा खुंट असतो तेव्हा त्याची पूर्वसूचना मिळत नाही.


शिखरवाट

एक शंका. टाच मोकळी म्हणजे पडताना पाय अडकत नाही, म्हणून टेलिमार्क गुडघ्यांना अल्पाइनपेक्षा सुरक्षित, असं ऐकलंय. मला गुडघ्याचाच त्रास आहे म्हणून विचारतो आहे.


तीनखिळे

यावर जरा ठामपणे लिहितो, कारण हा गैरसमज धोकादायक आहे. पुढे पडताना मोकळी टाच मदत करते, ते खरं. पण गुडघा दुखावतो तो जास्त करून पिळवटला गेल्यावर, म्हणजे स्की एका दिशेला अडकली आणि अंग दुसरीकडे फिरलं की. अशा वेळी अल्पाइन बाइंडिंग ठरवलेल्या ताणाला सुटतं, आणि तो ताण तुमचं वजन, उंची, बुटाची लांबी, वय आणि कौशल्य बघून लावलेला असतो. टेलिमार्कमध्ये ७५ मिलिमीटरची बहुतेक बाइंडिंग सुटण्यासाठी बनवलेलीच नाहीत. एनटीएनमधली काही सुटतात, पण सगळी नाहीत, आणि जी सुटतात त्यांचं सुटणं अल्पाइनइतकं मापून लावता येतंच असं नाही. त्यामुळे गुडघ्याचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी आणि फिजिओशी बोला, आणि सुटणारं बाइंडिंग घेतल्याशिवाय सुरू करू नका.

हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात तर आणखी विचार करा. पायाला न सुटणाऱ्या स्की असतील तर सरकणारा बर्फ त्यांना धरून माणसाला खाली ओढतो.


शिखरवाट

समजलं. धन्यवाद. इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही.


उतारवेडी

बूट भाड्याचे, एनटीएन. काल घरी तीनखिळे यांनी सांगितलं तसं करून पाहिलं. उजव्या पायाचा बूट सपाट राहतो. डाव्या पायाचा घडीपाशी वाकायच्या आधीच पुढून उचलला जातो! उजवीकडे वळताना आतला, म्हणजे मागचा पाय उजवा असतो. डावीकडच्या वळणात मागचा पाय डावा. बूट डाव्या पायाचा वाईट, पण वळणं उजवीकडची खराब. मग हे जुळत नाही ना?


मोकळीटाच

चांगलं निरीक्षण आहे. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी असाव्यात. बूट बदलून घ्याच, डाव्या पायाला तो मानवत नाही. पण उजवीकडच्या वळणाचं कारण बहुधा दुसरं आहे: बहुतेकांचा एक पाय मागे राहायला नाखूष असतो, आणि तुमचा तो उजवा असावा. जिना चढताना पहिला पाय कोणता टाकता, घसरगुंडीवर कोणता पुढे ठेवता, ते आठवा. उजवा पुढे ठेवायची सवय असेल तर तो मागे जायला कुरकुर करणारच. एक पाय पुढे ठेवण्याचा सराव करताना डावा पुढे, उजवा मागे ही बाजू जास्त वेळ करा.


भुसभुशीत

उशिरा आले धाग्यावर. वरचं सगळं पटलं, एका गोष्टीत भर घालते: किती खाली बसायचं.

टेलिमार्कच्या जुन्या छायाचित्रांत मागचा गुडघा स्कीला टेकलेला दिसतो आणि नवीन शिकणाऱ्यांना वाटतं तेच खरं टेलिमार्क. तेवढं खाली गेलं की मागचा पाय आपोआप लांब जातो, भार पुढे सरकतो, आणि पुढच्या वळणासाठी पाय बदलायला आधी तिथून वर यावं लागतं. तो सगळा वेळ तुम्ही कोणत्याही कडेवर नसता. उभ्याने, दोन पाय जवळ ठेवून, मागचा बूट पुढच्या बुटाच्या टाचेच्या आसपास ठेवून करून बघा. दिसायला साधं दिसेल पण दोन्ही स्की बर्फाला धरून राहतील. बर्फ मागेल तेव्हाच खोल बसायचं, आधी नाही.

आणि पाय बदलणं हे एका झटक्यात करायचं काम नाही. अख्ख्या वळणभर ते चालू राहिलं पाहिजे. स्की सरळ उताराच्या दिशेला असतात तेव्हा पाय शेजारी शेजारी यायला हवेत, आणि तिथून पुढे हळूहळू अंतर वाढत जायला हवं. झटक्याने उडी मारून पाय बदलून मग पुतळ्यासारखं थांबायचं, असं करणारे बरेच दिसतात. मोगल्समध्ये किंवा खोल बर्फात तसं चालत नाही.

भुसभुशीत बर्फात तर मागच्या पायाचा प्रश्न लपवताच येत नाही. दोन्ही स्कींवर सारखा भार नसेल तर जिच्यावर जास्त ती बुडते आणि दुसरी वर तरंगते, मग दोन्ही वेगळ्या वाटेने निघतात. माझ्यासाठी टेलिमार्कचं खरं सुख तिथेच आहे. मऊ खोल बर्फात, छातीपर्यंत बर्फ उडत असताना, दोन्ही पाय एकाच लांब स्कीवर असल्यासारखे वाटतात.


तिरपीकड

मोकळीटाच आणि भुसभुशीत यांचे प्रतिसाद वाचून मत थोडं बदललं आहे. मला वाटत होतं हा फक्त मुद्रेचा खेळ आहे. यात स्पर्धा असतात का?


जुनीवाट

असतात. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या विश्वचषकात टेलिमार्क आहे. शर्यतीत फाटकांमधून उतरायचं, मधे एक उडी, मग ३६० अंशांच्या जवळपास फिरवणारं एक वळण (नॉर्वेजियनमध्ये त्याला रेइपेलिक्के म्हणतात) आणि शेवटी सपाटीवर स्केटिंग करत शेवटच्या रेषेपर्यंत. मार्गावर परीक्षक उभे असतात. फाटकापाशी टेलिमार्क नीट झालं नाही, म्हणजे टाच उचललेली नाही किंवा दोन पायांत पुरेसं अंतर नाही, तर वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. ऑलिंपिकमध्ये अजून नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण उतरणं, उडी, स्केटिंग असं सगळं एकाच शर्यतीत दुसरीकडे कुठे बघायला मिळतं?


उतारवेडी

शनिवारी जाऊन आले. सांगते.

आधी बूट बदलून घेतले, या वेळी दोन्ही पायांना घडी जुळते का ते तिथेच गुडघा टेकवून बघितलं. सकाळचा पूर्ण वेळ हलक्या उतारावर एकच पाय पुढे. डावा पुढे ठेवून डावीकडे वळताना सुरुवातीला स्की फिरतच नव्हती. मग उजव्या पायाच्या चवड्यावर खरंच बसले आणि ती फिरली. त्या क्षणी मागच्या मांडीत आणि पार्श्वभागात पहिल्यांदा काम होतंय असं जाणवलं, आजवर ते सगळं पुढच्या मांडीवर होतं.

दुपारी नेहमीच्या पद्धतीने पाय बदलत उतरले आणि मधेच थांबून वर माझ्या खुणा बघितल्या. सकाळी मशिन फिरलेल्या बर्फावर त्या स्वच्छ दिसत होत्या. डावीकडच्या वळणांत दोन रेषा, जवळपास सारख्याच खोल. उजवीकडच्या वळणांत बाहेरची रेष बारीक आणि खोल, आतली मात्र हातभर रुंदीचा पुसट पट्टा, वळण संपता संपता बाहेरच्या रेषेला जाऊन भिडणारा. मागची स्की कुठे घसरते आणि कुठून धरायला लागते ते तिथे लिहूनच ठेवलेलं होतं. मग "उजवी करंगळी" एवढंच मनात ठेवून उतरत राहिले. शेवटच्या उतरणींत तो पट्टा बराच अरुंद झाला. अजून रेष झालेली नाही.

मांड्या दमल्या, पण दोन्ही सारख्याच. याचा मला खूप आनंद झाला!

आता पुढचा प्रश्न. टणक बर्फावर आणि तीव्र उतारावर अजून मागची स्की सुटते. तिथे काय करता?


मोकळीटाच

वा! खुणा बघायचं मी सांगायला विसरलो होतो, तुम्ही स्वतःच शोधलंत. पट्टा वळणाच्या शेवटी भिडतोय म्हणजे मागच्या पायावरचा भार शेवटी निसटतोय. वळण संपवताना पुढच्या पायावर ब्रेक लावल्यासारखं उभं राहत असाल. तिथे दोन्ही हात पुढे आणि छाती उताराकडे आहे का ते बघा. छाती डोंगराकडे वळली की मागचा खुबाही वळतो आणि मागची स्की सुटते. पोल (स्कीच्या काठ्या) दोन्ही हातांत आडवे, छातीसमोर धरून उतरलात तर छाती कुठे वळते ते तुम्हालाच दिसेल.

टणक बर्फावर उभं, आटोपशीर टेलिमार्क. पायांतलं अंतर कमी, कडा जास्त. आणि जिथे धरत नाही तिथे सरळ पॅरलल, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून, वळा. टेलिमार्कच्या सामानावर टाच खाली ठेवून अल्पाइनसारखं वळता येतं, फक्त नडगीवर झुकायचं नाही, तळव्याच्या मधोमध उभं राहायचं. काही जण याला कमीपणा मानतात. मला ते अजिबात पटत नाही. तीव्र, बर्फाळ उतारावर सुरक्षित उतरणं आधी.


भुसभुशीत

पॅरललबद्दल पूर्ण सहमत. माझी भर एवढीच की मोगल्सकडे लवकर वळा, टणक बर्फापेक्षा लवकर. मोगलच्या माथ्यावर पाय शेजारी येतात आणि उतरणीला अंतर वाढतं, म्हणजे पाय कधी बदलायचे ते उतारच सांगतो. लहान, गोल, अंतर असलेले मोगल निवडा. मागच्या पायाच्या गुडघ्याने धक्का सोसायला शिकलात की टणक बर्फावरही पाय तितका ताठ राहत नाही.


उतारवेडी

पोल आडवे धरून आणि छोट्या मोगल्सवर, दोन्ही करते. तीनखिळे, एक राहिलं: नव्या बुटांत दिवसाच्या शेवटी मागच्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर घडी रुतते आणि तिथे लाल वळ उठला आहे. बूट सैल आहे की घट्ट?


तीनखिळे

फक्त सांध्यावर वळ आणि बाकी पाय ठीक असेल तर बहुधा घडी सांध्याच्या जरा पुढे किंवा मागे पडते आहे. आधी टाच मागे पक्की बसली आहे का ते बघा. घोट्यावरचं बकल सैल असेल तर पाय बुटात पुढे सरकतो आणि घडी चुकीच्या जागी येते. ते घट्ट करून, बोटांजवळचं बकल उलट एक घर सैल ठेवून दिवसभर वापरा. तरी वळ उठला तर अर्ध्या मापाने लहान किंवा मोठा बूट घालून बघा, वळ घडीच्या कुठल्या बाजूला आहे त्यावरून कोणता ते ठरेल. बूट तापवून आतलं अस्तर पायाच्या आकाराचं करून घेता येतं, पण भाड्याच्या बुटात ते शक्य नसतं. स्वतःचे घ्याल तेव्हा घडी जुळते का हे आधी बघा, मग बाकीचं. आणि वळाचा फोटो टाकलात तर नेमकं सांगता येईल.